टेंटमधला गांजा आणि आपली शेडनेट



मागच्या महिनाभरात तीन पोरांनी मला एकच गोष्ट विचारली. एक भोकरदनकडचा, एक अंबड तालुक्यातला, आणि तिसरा माझ्याच घरातला, धाकट्या भावाचा मुलगा. काका, घरातल्या खोलीत टेंट लावून गांजा घेतला तर जमंल का? पहिल्या दोघांना मी "नाही, नादी लागू नका" म्हणून फोन ठेवून दिला. पुतण्याला तसं करता येईना. तो पुण्यात कंपनीत होता, काम सुटलं, आता गावात आहे, वय चोवीस. त्यानं सगळा हिशोब वहीत मांडून आणला होता. हिशोब मांडणाऱ्या पोराला नुसतं "नाही" म्हणून चालत नाही, त्याला हिशोबानंच उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी माहिती काढली. मी दहावी पास माणूस. कायद्याचं कलम मोबाइलवर मराठीत वाचलं, जिथं अडलं तिथं पाहुण्यांतल्या एका वकिलाला विचारलं. जे हाती लागलं ते लिहितो. लांबलंय, सावकाश वाचा.

आधी टेंट म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळ जणांना वाटतं जत्रेतल्या तंबूसारखं काहीतरी असंल. तसं नाही. ते एक कापडी कपाट असतं. बाहेरून काळं, आतून चांदीसारखं चकचकीत, चेन लावून बंद होणारं. वर दिवा, बाजूला पंखा, हवा बाहेर काढायला पाइप आणि वास मारायला कोळशाचं फिल्टर. आत कुंड्या. दिवा किती वेळ चालू, किती वेळ बंद, हे घड्याळावर ठरतं. रात्र आणि दिवस माणसानं ठरवायचा, एवढीच त्यातली मेख.

ही मेख आपल्याला नवी नाही. शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात ते काय असतं? शेवंती दिवस लहान झाला की फुलते, म्हणून तिला बल्ब दाखवून दिवस मोठा असल्याचं भासवतात आणि फूल लांबवतात. ड्रॅगन फ्रूटवाले उलटं करतात, हिवाळ्यात रात्री एलईडी लावून बिगरहंगामी फुलं काढतात. आपली जुनी तूर घ्या. जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैअखेर पेरा, दिवस लहान व्हायला लागले की ती फुलावर येणार. गांजाचं झाडही तसंच, लहान दिवसाचं. म्हणजे झाडात जादू काही नाही. ज्यानं शेडनेटमध्ये मिरचीचा बीजोत्पादनाचा प्लॉट काढलाय त्याला असलं झाड वाढवायला अवघड जाणार नाही, हे मी पुतण्याला पहिल्याच दिवशी मान्य केलं. त्यानं तेवढंच ऐकलं आणि खूश झाला. पुढचं ऐकायला तयार नव्हता.

पुढचं असं की हे कपाट निघालं कुठं? थंड देशात. कॅनडासारख्या ठिकाणी चार-पाच महिने बर्फ. बाहेर काही उगवत नाही, घरात हीटर लागलेलाच असतो, दिव्याची उष्णता तिथं वाया जात नाही. आणि तिथला कायदा वेगळा. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला, बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडं लावता येतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला तीन झाडं ठेवता येतात. व्हिडिओतला पोरगा हसत हसत झाड दाखवतो कारण त्याला पोलिसाची भीती नाही. तो व्हिडिओ बघणारा जालन्यात बसलेला असतो, हे त्याला माहीत नसतं आणि त्याला काही घेणंदेणंही नाही. त्याला दिवे आणि कुंड्या विकायच्या असतात.

आपल्याकडं उन्हाची कमतरता कधी होती? आठ-दहा महिने फुकटचं ऊन. आपण उलट शेडनेट लावून ऊन कमी करतो. मे महिन्यात जालन्यात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूस थांबत नाही, तिथं बंद कपाटात दिवा लावायचा म्हणजे भट्टीच. मग एसी आला. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट धरा, दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला साडेचारशे युनिट एसीचेच. दिव्याचे वेगळे. घरगुती बिल शंभर युनिटांच्या पुढं गेलं की दर बदलतो, तीनशेच्या पुढं आणखी बदलतो. ज्या घराचं बिल आजपर्यंत सत्तर-ऐंशी युनिटांचं, तिथं अचानक पाचशे युनिट दिसले तर मीटर बघायला माणूस येणारच. शेतीच्या लाइनीचं तर नाव काढू नका. आठ तास लाइट, कधी दिवसा कधी रात्री, आणि डीपी जळाली की आठवडा गेला.

पुतण्याच्या वहीत लाइट बिलाला महिन्याला आठशे रुपये धरले होते. ते खोडून आम्ही दोघांनी नव्यानं मांडलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. पण वहीत दुसऱ्या बाजूला किलोचा भाव लिहिला होता आणि तो भाव एवढा मोठा होता की लाइट बिल त्यात सहज बसत होतं. म्हणून खरी गोष्ट बिलाची नाही. खरी गोष्ट कायद्याची आहे. तिथं कुणी अर्धवट ऐकू नये म्हणून कलमासकट लिहितो.

कायद्याचं नाव लांबलचक आहे, गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे एनडीपीएस म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावायला बंदी. कलम २० मध्ये शिक्षा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. खोलीत लावलं का शेतात, कुंडीत का सरीवर, कायदा फरक करत नाही. "दोनच झाडं आहेत, घरापुरती आहेत" हे म्हणून लागवडीचा गुन्हा पुसला जात नाही.

पोरांमध्ये एक गैरसमज फिरतो की एक किलोच्या आत असलं तर काही होत नाही. हे दोन गोष्टींची सरमिसळ करून सांगितलेलं आहे. एक किलोच्या आत अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, हे माल जवळ बाळगणं, विकणं, वाहून नेणं यासाठी आहे. अल्प प्रमाणालाही शिक्षा आहेच, फक्त कमी आहे. आणि व्यापारी प्रमाण असलं तर दहा ते वीस वर्षं आणि जामीन जवळजवळ मिळत नाही. लागवडीच्या कलमाला हे किलोचं माप लागत नाही.

वजनावरून कोर्टात वाद होतात हे खरं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. पोलीस मात्र झाड मुळासकट उपटून, ओलं, खोडासकट तोलतात. त्यावरून काही जणांना वरच्या कोर्टात जामीन मिळालाय. पण वकील पाहुणे म्हणाले, "दाजी, तो वाद घालायला माणूस आधी आत जातो, मग वाद घालतो." लागवड तर तरीही राहतेच.

आता ज्या दोन कलमांनी माझी झोप उडाली ती सांगतो. कलम २५. घर, खोली, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यानं माहीत असून असल्या कामाला ती वापरू दिली, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा. आमचं घर माझ्या भावाच्या नावावर आहे. भाऊ माळकरी, वर्षाला पंढरीची वारी करतो. पोरानं माडीवर टेंट लावला, बापानं एकदा जिना चढून बघितलं आणि गप्प बसला, तर बापही त्यात आला.

कलम ४६ जमिनीचं आहे. आपल्या जमिनीत असलं झाड कुणी लावलंय हे माहीत असून जमीनमालकानं पोलिसांना किंवा त्या खात्याच्या अधिकाऱ्याला लगेच कळवलं नाही, तर मालकाला शिक्षा. बटाईनं किंवा ठोक्यानं जमीन देणाऱ्यांनी हे वाचावं. माझ्या वाचणाऱ्यांत निम्मे लोक रान बटाईनं देतात आणि नंतर बांधावरसुद्धा जात नाहीत. पुढचं कलम ४७, त्यात सरपंच, पंच, गावकामगार यांनाही कळवायची जबाबदारी टाकलीय. म्हणजे गावातल्या लोकांना माहीत असूनही सगळे गप्प बसले असं चालत नाही, निदान कागदावर तरी नाही.

आमच्या पाहुण्यांच्या गावात काही वर्षांमागं झालेली गोष्ट. गाव आणि नाव लिहीत नाही, त्या घरातली लेकरं आता शाळेत जातात. एका शेतकऱ्यानं तुरीच्या ओळीत मधे मधे झाडं लावली होती. बी एका बाहेरच्या माणसानं दिलं, माल तोच घेऊन जाणार, उचल म्हणून वीस हजार हातावर ठेवले. तुरीत झाड दिसत नाही असं त्याला वाटलं. पण तूर ऑक्टोबरपर्यंत वेगळ्या हिरव्या रंगाची असते आणि हे झाड वेगळ्या हिरव्या रंगाचं, जाणत्याला बांधावरून दिसतं. शिवाय वास. फुलोऱ्यात आलं की वाऱ्याच्या दिशेला दोन शेतं सोडून वास जातो. कुणीतरी कळवलं.

सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती, वाटणी तोंडी झालेली. आपल्याकडं निम्म्या घरांत हेच आहे. पोलिसांनी सातबारा काढला आणि तिघांनाही बोलावलं. दोघांना खरोखर काही माहीत नव्हतं, पण ते सिद्ध करायला चार-पाच महिने तालुक्याच्या चकरा झाल्या. ज्यानं लावलं तो आत. बी देणारा सापडला नाही, त्याचं खरं नावही कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी कापूस वेचायला बाई मिळंना, त्याच्या बायकोनं एकटीनं जमंल तेवढा वेचला, बाकी झाडावर लोंबला. तारखेला ती सकाळच्या एसटीनं जायची आणि रात्री यायची. जामीन झाला तेव्हा घरातली म्हैस विकलेली होती आणि तीन भावांचं बोलणं बंद झालेलं होतं. ते अजून बंद आहे. मी त्याला मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटलो. काही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पाऊसपाण्याचं बोललो.

हे मी पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, ते शेतात होतं, उघड्यावर. टेंटमधलं कुणाला दिसणार?" पोरगं हुशार आहे, पण विकायला कुणाला तरी दाखवावंच लागंल की नाही? कपाशीचा भाव पडला तर आपण रस्त्यावर बसतो, व्यापाऱ्यानं पैसे बुडवले तर बाजार समितीत तक्रार करतो. इथं घेणाऱ्यानं पैसे दिले नाहीत तर कुठं जाणार? पावती नाही, पट्टी नाही, काट्याला विश्वास नाही. पुन्हा त्याला तुझं घर माहीत. भाव किलोला कितीही असू दे, तो भाव त्याच्या हातात.

आणि तो माल शेवटी जातो कुणाच्या हातात? बसस्टँडमागं, शाळेच्या कंपाउंडला, आपल्याच पोरांच्या. एवढंच म्हणतो, जास्त सांगत नाही.

आता दुसरी बाजू. पुतण्यानं मला इंटरनेटवरून एक जुना सरकारी अहवाल काढून दाखवला. इंग्रज सरकारनं १८९३-९४ साली गांजा-भांगेची चौकशी करायला समिती नेमली होती, तिचा सात खंडांचा अहवाल आहे. तो इंग्रजीतून वाचायचा आणि मला सांगायचा, दोन रात्री आमचं तेच चाललं होतं. त्यात आहे की मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात गांजाची शेती होत होती, चोरून नाही, सरकारच्या देखरेखीखाली. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. बंगालमध्ये नौगाव म्हणून भाग आहे, आता बांगलादेशात, तिथं तर १९१७ मध्ये गांजा पिकवणाऱ्यांची सहकारी सोसायटी झाली. सोसायटी म्हणल्यावर मला हसू आलं, चेअरमन कोण झाला असंल आणि वार्षिक सभेत काय झालं असंल!

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. गांजात पपईसारखी नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर राहिला तर मादीला बी धरतं आणि माल उतरतो. म्हणून बंगालमध्ये शेतात फिरून नर झाडं ओळखून काढणारे जाणकार होते, पोद्दार म्हणायचे, साहेब लोक त्यांना गांजा डॉक्टर म्हणायचे. हे वाचल्यावर मला आमच्या क्रॉसिंगच्या बाया आठवल्या. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये भेसळीचं झाड लांबून ओळखणारी एक बाई आमच्याकडं येते, कंपनीच्या सुपरवायझरच्या आधी तिला दिसतं. शंभर वर्षांपूर्वी नौगावात असती तर डॉक्टर म्हणवली असती.

तर पुतण्याचा मुद्दा असा की आपल्याच देशात हे पीक होतं, मग आता बंदी का? मुद्दा खोटा नाही. १९६१ साली जगातल्या देशांचा करार झाला, त्यात भारतही होता. पारंपरिक वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती, आणि ती मुदत संपत आल्यावर आपला १९८५ चा कायदा आला. भांग, म्हणजे नुसती पानं, त्यातून बाहेर राहिली, पण भांगेलाही आपल्या राज्यात दारूबंदी कायदा १९४९ आडवा येतो. महाशिवरात्रीला मिळते म्हणून मोकळी आहे असं समजू नका.

मागणी करायची तर रीतसर करता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला होता की कुठल्याच पिकाला भाव नाही, तर मला दोन एकर गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर नाही आलं तर परवानगी आहे असं समजून लावीन, असंही लिहिलं होतं. पोलीस म्हणाले, हा प्रसिद्धीचा प्रकार. पेपरात सगळीकडं आलं, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत आणि कुठल्या मालाला ठरलेला भाव नाही, हे त्यानं सहीनिशी लिहून दिलं. त्याच्या अर्जाशी माझं भांडण नाही. "परवानगी समजून लावीन" यातलं "समजून" धोक्याचं आहे, तिथं कायदा समजून घेत नाही.

कलम १४ मध्ये सरकारला अधिकार आहे, धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागायती कामासाठी या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा. उत्तराखंडनं २०१८ पासून तशी परवानगी सुरू केली. पण त्या जातीत नशेचं द्रव्य, टीएचसी म्हणतात, ते ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे. ते पीक दोरासाठी, कापडासाठी, तेलासाठी. बियांना २०२१ साली अन्न म्हणून मान्यता मिळाली, म्हणून दुकानात हेम्प सीडचे डबे दिसतात. खाण्याला परवानगी आहे म्हणून पेरायला आहे असं होत नाही. उत्तराखंडासारखा परवाना आपल्या राज्यात सुरू नाही. जम्मूला सरकारी प्रयोगशाळेत औषधासाठी यावर संशोधन चालतं, तेही परवान्यानं आणि बंदोबस्तात. उद्या आपल्याकडं धाग्याच्या हेम्पचा परवाना आला तर मी पहिला अर्ज करीन, अर्धा एकर ठेवीन. पण परवाना हातात आल्यावर.

याच्यातच एक गमतीची गोष्ट. मागं शहरातले पाहुणे आले होते, बांधावरची अंबाडी बघून त्यांची मुलगी घाबरली. पान अगदी तसंच, बोटं पसरल्यासारखं. अंबाडीच्या शास्त्रीय नावातसुद्धा कॅनाबिनस आहे, दिसायला सारखी म्हणून. पण ती भेंडीच्या घराण्यातली. तिची भाजी भाकरीबरोबर खा, धाग्याचे दोर वळा, काही गुन्हा नाही. आणि ताग वेगळा. इंग्रजीत तागालाही सनहेम्प म्हणतात, त्यामुळं हेम्पचं बी म्हणून ऑनलाइन काय मागवता ते नीट वाचून मागवा. हिरवळीचं खत करायला ताग पाहिजे असतो आणि भलतंच पाकीट घरी यायचं.

एवढं सगळं झाल्यावर पुतण्या म्हणाला, "मग काका, मी करू काय? अडीच एकर कोरडवाहू, त्यात चार भिंतीच्या आत काही करता येतंय का ते तर सांगा." हा प्रश्न मला रास्त वाटला. त्याला घरात, सावलीत, बंदिस्त जागेत, मोजूनमापून काहीतरी पिकवायचंय. ही आवड वाईट नाही, आणि आपला भाग त्याच आवडीवर चालतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्या बियाण्याच्या धंद्यातून आज जालना आणि पलीकडं देऊळगाव राजापर्यंत गावोगाव शेडनेट उभ्या आहेत. दहा गुंठ्यांत टोमॅटो, मिरची, ढोबळीचं बीजोत्पादन. फुलातले नर काढायचे, हातानं पराग लावायचे, खूण बांधायची. टेंटवाल्यापेक्षा नाजूक काम आहे आणि करार कागदावर असतो. कागदावर असूनही कंपनी बी नापास करते तेव्हा काय होतं ते मी आधी लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. पण शेडनेटला भांडवल लागतं, अनुदान आलं तरी आधी आपले पैसे घालावे लागतात. त्याच्याकडं आत्ता ते नाहीत.

म्हणून माडीच्या खोलीत धिंगरी अळिंबी लावायचं ठरलं. मशरूमचं नाव काढलं की लोक लाखांच्या गोष्टी सांगतात, तसं काही नाही, म्हणून खरं काय ते लिहितो.

सोयाबीनचं कुटार घरचंच. आठ-दहा तास भिजवायचं, मग गरम पाण्यात, साधारण ८० अंशाला तासभर ठेवायचं. निथळून थंड करायचं. मुठीत दाबलं तर ओल लागली पाहिजे, पाणी गळायला नको. दहा किलो ओल्या कुटाराला २०० ग्रॅम स्पॉन, थर देऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं, तोंड बांधायचं, सुईनं भोकं पाडायची. पंधरा-वीस दिवस अंधाऱ्या खोलीत. पिशवी पांढरी झाली की प्लॅस्टिक कापून काढायचं, मग उजेड आणि हवा द्यायची, भिंतीला गोणपाट लावून दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारायचं. तापमान २० ते ३०, ओलावा ८० टक्क्यांच्या वर. आत्ता डिसेंबरात आपल्याकडं दिवसा खोलीत ते सहज बसतं, रात्री खिडकीला चवाळं लावतो. एक किलो कोरड्या कुटाराला अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी, दोन-तीन तोडण्यांत मिळून.

त्यानं चाळीस पिशव्या भरल्या. सहा पिशव्यांना हिरवी बुरशी आली, त्या लगेच लांब नेऊन पुरल्या. ती बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. हरभऱ्याच्या मर रोगासाठी आपण पैसे देऊन आणतो तोच हा, इथं मात्र वैरी. कुटार नीट गरम झालं नाही की येतो, आणि शेतात ट्रायकोडर्मा वापरून त्याच कपड्यांनी खोलीत गेलात तरी येतो.

पहिल्या तोडणीला अकरा किलो निघाली. सात किलो विकली गेली, जालन्यातले दोन ढाबे आणि एक ओळखीचा भाजीवाला. चार किलो राहिली, ती उन्हात वाळवली. ताजा माल दोन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून गिऱ्हाईक आधी, पिशवी नंतर. आणि "स्पॉन आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ" असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. असे लोक पैसे घेताना दिसतात, माल घ्यायच्या वेळी त्यांचा फोन लागत नाही. स्पॉन कृषी विद्यापीठातून घ्या, किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. खरपुडीचं केंद्र आपल्याला जवळ आहे, तिथं आधी प्रशिक्षण कधी आहे ते विचारा. खोलीत तोडणीच्या वेळी तोंडाला रुमाल बांधा, त्याची भुकटी उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. माझ्या वहिनीला पहिल्या आठवड्यात खोकला लागला होता.

आता अडचण पुढची आहे. फेब्रुवारीपर्यंत चालंल. मार्च लागला की वर पत्रा, माडी तापणार. एसी लावायचा नाही हे ठरलेलं आहे, त्यात काही उरत नाही. पत्र्याखाली पाचटाचा किंवा ज्वारीच्या कडब्याचा थर द्यायचा विचार आहे, वर चुना मारायचा, आणि खाली वाळूचा थर ओला ठेवायचा. कुणी मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत मार्च-एप्रिलचं दुपारचं तापमान मोजलेलं असंल तर आकडे खाली लिहा. नुसतं "थंड राहतं" असं नको, किती वाजता किती अंश ते पाहिजे. उन्हाळ्यात चालणारी धिंगरीची जात कुणी आपल्या भागात घेतली असंल तर तीही सांगा, पुतण्याला जानेवारीच्या शेवटी स्पॉनची मागणी नोंदवायची आहे.